सही आहे, शिक्का नाही

आमच्या सोसायटीतील सात नंबरचे गृहस्थ वारले, त्यानंतर एका स्थानिक वृत्तपत्राने त्यांच्याविषयी चार ओळी छापल्या. त्यांत त्यांना 'जपानी चित्रांचे संग्राहक' म्हटले होते. ती चित्रे नव्हती, आणि ते संग्राहक नव्हते. दुरुस्तीसाठी मी संपादकांना पत्र पाठवले. ते छापले गेले नाही. स्मरणपत्र पाठवले, त्याची पोचही आली नाही. मेलेल्या माणसाविषयीची चूक सुधारण्यास ज्यांना जागा नाही, त्यांना वधूवरांच्या जाहिरातींस पूर्ण पान मिळते. असो. सबब जे नमूद करणे आवश्यक आहे, ते मी येथे नमूद करतो. त्यात माझी थोडी अब्रू जाईल. ती जायची तेव्हाच गेली होती, हे मला फार उशिरा कळले.

आमची सोसायटी बडोद्यात, तरसालीला. तेथे माणसांना नावे असतात ती वीजबिलापुरती. एरवी घराचा नंबर हेच नाव. ते सात नंबर. मी अकरा नंबर, परंतु मला सारे 'वकीलसाहेब' म्हणत. वास्तविक मी कोर्टात कधीही उभा राहिलो नाही. मकरपुऱ्यातील एका कारखान्यात विधी अधिकारी होतो. सकाळी कारखान्याची बस सोसायटीच्या कोपऱ्यावर येऊन माझ्यासाठी हॉर्न वाजवी. तो ऐकून बायका मुलांना शाळेसाठी घराबाहेर काढीत. एखाद्या गृहस्थाच्या प्रतिष्ठेस याहून अधिक काही लागत असेल असे मला तेव्हा वाटत नव्हते.

सात नंबर कोयलीच्या बाजूच्या एका प्रकल्पातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले होते. बरोबरच्या मंडळींनी टेपरेकॉर्डर, घड्याळे आणि नायलॉनच्या साड्या आणल्या. यांनी चार पट आणले. रेशमी किनारीवर डकवलेला लांबट कागद, खाली लाकडी दांडा, आणि कागदावर कुंचल्याने लिहिलेली निसर्गाची एकेक कविता. चित्र नाही, नुसते लिहिणे. कोपऱ्यात लिहिणाराची सही आणि सहीखाली लाल चौकोनी शिक्का. रमणभाई, म्हणजे आमच्या समोरचे बारा नंबर, त्याला 'जपानी कॅलेंडर' म्हणत आणि दरवेळी न चुकता विचारीत, "पण काका, तारीख क्यां छे?" त्यांच्या सौभाग्यवतींना तो शिक्का कुंकू वाटे. रोज कोण लावतं, असे त्यांनी एकदा मोठ्या भक्तिभावाने विचारले होते.

दुकानदाराने त्यांना प्रत्येक कवितेचा अर्थ इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून दिला होता. बडोद्याला येऊन बॅग उघडली तेव्हा चारही चिठ्ठ्या तळाशी एकत्र सापडल्या. कोणती कोणाची ते कळायला मार्ग नाही. एकीत बांबूच्या पानावरून पाय घसरलेल्या थेंबाचे वर्णन होते, एकीत बर्फात हरवलेल्या वाटेचे. पण कोणता पट थेंबाचा आणि कोणता बर्फाचा? दुसरा कोणी हळहळला असता. यांनी चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

"बरं झालं," ते मला म्हणाले. "आता अक्षराकडे बघावं लागेल."

आणि त्यांनी खरोखरच नुसत्या अक्षरावरून ऋतू ठरवले. हा हात थंडीने आखडला आहे, म्हणून हा पौषाचा. याची शाई फुटली आहे, म्हणजे हवेत ओल होती, हा श्रावणाचा. मी त्यांना स्पष्ट सांगितले की हा पुरावा नव्हे, हा अंदाज आहे, आणि अंदाजाच्या आधारे दस्तऐवज भिंतीवर लावणे ही पाहुण्यांची दिशाभूल आहे. पुढे त्यांच्या जुन्या प्रकल्पात एक जपानी इंजिनियर आला होता. त्याला मी स्वतः रिक्षाने सात नंबरमध्ये घेऊन गेलो, अधिकृत वाचन व्हावे म्हणून. तो पटासमोर बराच वेळ उभा राहिला, कमरेत वाकला, आणि म्हणाला की असे गवतासारखे लपेटीचे लेखन त्यालाही वाचता येत नाही. त्याच्या आजोबांना कदाचित आले असते. सात नंबर त्याला म्हणाले, "आमच्याकडे मोडीचं तसंच आहे." दोघे चहा प्यायले. निकाल लागला नाही, याचा त्रास तिघांपैकी फक्त मला झाला.

त्यांचा नियम असा की भिंतीवर एका वेळी एकच पट, आणि तोही ऋतूचा. बाकीचे गुंडाळून पेटीत. नव्वदनंतरची ती वर्षे. बडोद्यात घरोघर काचेचे शोकेस, रंगीत टीव्ही, केबल आणि हप्त्याने घेतलेल्या गाड्या येत होत्या. यांनी दिवाणखान्यातला शोकेस काढून टाकला आणि टीव्ही स्वयंपाकघरात नेला, कारण पटाशेजारी तो 'मोठ्याने बोलतो'. पुण्याहून आलेल्या माझ्या साडूंना श्रावणाचा पट बघायचा होता, महिना मार्गशीर्ष. मी शब्द टाकला. सात नंबरनी नकार दिला.

"श्रावणात या."

"ते पुण्याचे आहेत. परत कधी यायचे?"

"श्रावण पुण्यालाही येतो ने," ते म्हणाले.

पटाखाली ते ऋतूची एक वस्तू ठेवीत. एक शिंगाडा. एक कैरी. पोंकाच्या, म्हणजे हुरड्याच्या, दिवसांत ज्वारीचे एक हिरवे कणीस. त्यासाठी ते तरसालीहून खंडेराव मार्केटपर्यंत जात आणि नग एकच घेत. भाजीवाली त्यांना ओळखे. "एक ज? कोई बीमार छे घरमां?" असे ती विचारी, आणि हे गंभीरपणे सांगत, "नाही, भिंतीला हवाय." पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेल्या माणसाने भिंतीसाठी शिंगाडा घ्यावा, हे तिला बहुधा समजत असे. ती पैसे घेत नसे.

कोणी तावातावाने काही सांगू लागला की त्यांचे एक वाक्य ठरलेले असे: "शाई वाळू द्या." पार्किंगवरून भांडण असो, लग्न मोडलेले असो, कोणाच्या मुलाने इंजिनियरिंग सोडून संगणकाचे दुकान काढलेले असो. शाई वाळू द्या. मला या वाक्याची चीड होती. ज्या पत्राची शाई वाळेपर्यंत थांबले जाते, ते पत्र कधी पोस्टात पडत नाही, हा माझा आयुष्याचा अनुभव आहे.

माझी पत्रे टाइप केलेली असत. सोसायटीस, महानगरपालिकेस, वीजमंडळास, सर्वांस. कार्यालयात आमच्या विभागाला टंकलेखक होता. दुपारच्या सुटीत तो माझा मजकूर कार्बनसह काढून देई. वर दिनांक, खाली सही, सहीखाली 'विधी अधिकारी' असा रबरी शिक्का. त्या शिक्क्याचा सोसायटीच्या नळाशी काही संबंध नव्हता, हे मान्य. परंतु तो पाहून प्लंबर लवकर येई.

मग कारखान्याची मालकी बदलली. नव्या व्यवस्थापनाने कायद्याचे काम बाहेरच्या फर्मला दिले आणि आमच्या विभागातील प्रत्येकापुढे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ठेवला. त्या अर्जात स्वेच्छा हा शब्द कोठे कोठे आला आहे यावर मी लेखी हरकत घेतली. हरकत नोंदवून घेतली गेली आणि अर्जावर माझी सही झाली. शेवटच्या दिवशी मी टेबलाच्या चाव्या, ओळखपत्र आणि रबरी शिक्का परत केला. शिक्क्याची पोच मागितली. कारकुनाने हसून दिली.

घरी येऊन मी पत्नीला खरे सांगितले. बाहेर सांगितले की लांब रजेवर आहे.

"लांब म्हणजे किती?" तिने विचारले. "अहो, लोकांना डोळे असतात."

"लोकांना डोळे असते तर गटारांवर झाकणे असती," मी म्हणालो.

परंतु शरम मला होती, आणि ती अशी होती की तिच्यावर कोणता उपाय करावा हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. मी काही चोरले नव्हते. काही बुडवले नव्हते. तरी बसच्या वेळेला मी खिडकीपासून दूर, न्हाणीघरात असे. नळ सोडून ठेवी, म्हणजे हॉर्न न वाजल्याचे मला ऐकू येऊ नये.

त्या वर्षी वैशाख फार कडक होता. पाणी एक वेळ येई. आणि सात नंबर रोज संध्याकाळी बादली घेऊन घरापुढच्या रस्त्यावर पाणी शिंपडत. जपानमध्ये उन्हाळ्यात तशी रीत आहे म्हणे; जमीन थंड होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बरे वाटते. बादली सोसायटीच्या टाकीतली. मी पाहिले आणि तेथल्या तेथे घरात येऊन तक्रार लिहिली. टंकलेखक नव्हता. फूलस्केप कागद घेतला आणि हाताने लिहिली. शाई वाळायची वाट पाहिली नाही. कागद तसाच दुमडून त्यांच्या दारातून आत सरकवला.

त्या तक्रारीतील प्रत्येक शब्द आजही मला मान्य आहे. 'डांबर वितळून चपला रस्त्यास चिकटत आहेत; चिमण्या नळाच्या तोटीस चोच लावून परत जात आहेत; अशा समयी आपण सार्वजनिक पाणी रस्त्यास पाजता. रस्त्यास तहान लागत नाही. माणसास लागते.' पुढे नियमांचे हवाले होते.

दुसऱ्या दिवसापासून शिंपणे बंद झाले. मी समाधानी होतो. मग एके सकाळी रमणभाई कुंपणावरून म्हणाले, "वकीलसाहेब, सात नंबरच्या कॅलेंडरमध्ये तमे आले."

मी गेलो. दिवाणखान्याच्या मोकळ्या भिंतीवर, जेथे एरवी चारांपैकी एक पट असे, तेथे माझी तक्रार लटकत होती. मागे जाड कागद, गव्हाच्या खळीने डकवलेला, सुरकुती नाही. भोवती फिकट राखी कापडाची किनार; ती त्यांच्या पत्नीच्या एका जुन्या साडीची होती, हे मला नंतर कळले. खाली दांडा. दांड्याखाली पाटावर एक कैरी.

"हे काय आहे?"

"वैशाख," ते म्हणाले. "चौघांत वैशाख नव्हता. त्यांच्याकडचा उन्हाळा आपल्या फाल्गुनासारखा. इतकी वर्षं ही भिंत मे महिन्यात रिकामी असायची."

मी त्यांना कायद्याची स्थिती समजावून दिली. पत्राचा कागद पोहोचल्या क्षणी तो घेणाऱ्याचा होतो, मजकूर लिहिणाऱ्याचाच राहतो. सबब कागद त्यांचा असला तरी मजकूर माझ्या परवानगीवाचून लोकांपुढे मांडण्याचा त्यांस अधिकार नाही.

"मजकूर मी वाचलेलाच नाही," ते म्हणाले.

"मग पाणी ओतणे बंद कसे केलेत?"

"अक्षर बघून वाटलं, कुणाला तरी फार तहान लागलीय."

मी उभा होतो आणि ते माझ्या अक्षराकडे पाहत होते. माझे वडील संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. त्यांनी बोरूने हात घडवला होता, माझ्या बोटांवर पट्टी मारून. तो हात मी नोकरीभर टंकलेखकाच्या मागे ठेवला होता. सात नंबर हळूच म्हणाले, "हा हात किती वर्षांनी घराबाहेर पडलाय." आणि मग, कोपऱ्याकडे बोट करून, "सही आहे, शिक्का नाही. मी जागा सोडलीय. तेवढा मारून द्या."

"शिक्का कार्यालयात आहे," मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

"आणाल तेव्हा. घाई नाही."

मला राग आला, असे मी त्या वेळी समजलो. वास्तविक मला भीती वाटत होती. टाइप केलेल्या माझ्या पत्रांचा गठ्ठा सोसायटीच्या कपाटात होता. सर्वांनी ती पाहिली होती. आता हे हस्तलिखित भिंतीवर. पुढच्या रविवारी ऋतूचा पट बदलला म्हणून शिरस्त्याप्रमाणे सर्वांना पन्ह्याचे आमंत्रण होते. ज्याला थोडी अक्कल आहे त्याला प्रश्न पडणारच होता की वकीलसाहेब हाताने का लिहू लागले. मी न जाण्याचे ठरवले. मग वाटले, न जाणे हा कबुलीजबाब ठरेल. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

खोली भरली होती. पन्हे फिरत होते. एक बाई 'चिमण्या नळाच्या तोटीस' हे वाक्य मोठ्याने वाचून शेजारणीला समजावून देत होत्या. आणि रमणभाईंनी, ज्यांना कधीही गप्प बसता आले नाही त्यांनी, ग्लास खाली ठेवून विचारले, "वकीलसाहेब, टाइपिस्ट रजा पर छे के शुं?"

दोघेतिघे हसले. मी पन्ह्याचा एक घोट घेतला.

"मी सांगितलं होतं त्यांना," सात नंबर म्हणाले. ते पन्ह्याचे भांडे उचलून आत नेत होते, थांबलेही नाहीत. "म्हटलं, हाताने लिहून द्या. टाइप केलेलं भिंतीवर कसं लावणार?"

"ओहो, एम, असं काय," रमणभाई म्हणाले.

माझ्या बाजूने, माझ्या देखत, धडधडीत खोटी साक्ष झाली होती. आयुष्यभर मी खोट्या साक्षीविरुद्ध लिहीत आलो. त्या दिवशी मी पन्हे संपवले आणि म्हणालो, "वेलची जास्त झाली आहे." तेवढेच.

पुढच्या ऋतूत ते माझ्या दारात उभे राहिले. "श्रावणाचा जुना झालाय. काही तक्रार असली तर लिहा ने. हातानेच." मला कळले की सांगितलेले खोटे ते मागून खरे करून घेत आहेत. मी चिडून त्यांना सांगितले की तक्रारी ऑर्डरवर होत नाहीत. आणि मग विश्वामित्री नदीचे पाणी चढले, गटारे उलटी वाहू लागली, कोणाच्या तरी अंगणात मगरीचे पिल्लू आले, आणि मी महानगरपालिकेस हाताने पत्र लिहिले. एक प्रत सात नंबरला दिली. ती लागली. थंडीत रस्त्यावर टायर जाळण्याविरुद्ध लिहिले, तीही लागली. वर्षानुवर्षे असे चालले. त्यांचे जपानी पट पेटीत राहू लागले आणि भिंतीवर बडोद्याचे ऋतू माझ्या संतापात लटकू लागले. प्रत्येकावर सही, प्रत्येकावर सहीखाली एक कोरा चौकोन. त्यांनी शिक्क्याविषयी पुन्हा विचारले नाही. मी कामावर कधी रुजू होणार, हेही कोणी विचारले नाही. माझी लांब रजा माझ्या निवृत्तीच्या वयात आपोआप विरून गेली, आणि मला वाटले, मी सुटलो.

ते गेले ते चैत्राच्या शेवटी. नाशिकहून भाचा आला. घर रिकामे करताना त्याने सोसायटीतील चारचौघांना बोलावले. जपानी पट तो घेऊन जाणार होता. दुसऱ्या पेटीतील पट कोणाचे, हे त्याला कळेना. त्याने वरचाच उचलून भिंतीवरच्या खिळ्याला लावला. वैशाख होता. त्यांनी सर्वांत वर तोच ठेवला होता. त्याचीच पाळी येणार होती.

"हे कुणाचं अक्षर?" भाच्याने विचारले. "मामांचं नाही."

"माझे," मी म्हणालो. आणि मग, मला थांबता आले असते तरी, म्हणालो, "ते मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिले नव्हते. माझ्याकडे टंकलेखक नव्हता. माझी नोकरी गेली होती."

रमणभाई आता थकले आहेत. ते खुर्चीत बसले होते.

"ती तर खबर होती, वकीलसाहेब," ते म्हणाले. "बसचा हॉर्न बंद झाला, त्या दिवसालाच सगळी सोसायटीला खबर पडली. मुलं शाळेला लेट होऊ लागली ने."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"मग तुम्ही त्या रविवारी—"

"मश्करी केली, चूक झाली. दुसऱ्या सकाळी काका घरी आले. रागवले नाहीत. एटलुं ज म्हणाले, शाई सुकावा दो." त्यांनी हाताने हवेत कागदावर फुंकर घातल्यासारखे केले. "तर आम्ही सुकू दिली."

इतकी वर्षे मी त्या माणसांसमोर रजेवर असलेल्या अधिकाऱ्याच्या चालीने चाललो होतो, आणि त्यांनी मला वाट दिली होती. माझ्याएवढा पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या माणसास एका हॉर्नचा पुरावा दिसला नव्हता. न्हाणीघरातला नळ मी फक्त स्वतःसाठी सोडत होतो. तेही पाणी सोसायटीच्याच टाकीतले होते. याविषयी मला कोणी पत्र लिहिले नाही.

खिडकीत भाच्याचे सामान पडले होते. त्यात पावत्या करण्यासाठी आणलेले लाल स्टॅम्पपॅड होते. मी ते उघडले. सही करता येणाऱ्या माणसाने अंगठा उठवणे यासारखी नामुष्की नाही, असे माझे वडील म्हणत. पुरुषाचा डावा, हे मला ठाऊक आहे. हजारो दस्तांवर मी तो पाहिला आहे. मी डावा अंगठा पॅडवर दाबला आणि सहीखालच्या कोऱ्या चौकोनात उठवला.

भाचा पट उतरवायला पुढे झाला. रमणभाईंनी हात आडवा केला. सारे तसेच उभे राहिले, शाई वाळेपर्यंत.